माडीवरचे आणि अंगणातले

प्रिय दादा,

घरी सगळं ठीक आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. वहिनी बरी आहे. तुझ्या ठकीचे पुढचे दोन्ही दात पडलेत आणि 'स' म्हणायला गेली की तिची शिट्टी वाजते. तिला त्याची इतकी मजा वाटते की दिवसभर 'स'चे शब्द हुडकत फिरते. आमची लेक तिच्या मागे मागे. दोघी रंगाच्या कारखान्यात वाळत घातलेल्या ओल्या कापडांमधून पळतात, लाल-निळ्या होऊन घरी येतात, आणि मग वहिनी एकीला धरते, मी दुसरीला धरते, आणि आम्ही दोघी त्यांना घासत बसतो. हो, बरोबर वाचलंस. वहिनी आणि मी. ते कसं झालं तेच सांगायला बसलेय. अक्षर लावून घे. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर कोळशाने तूच मला अक्षरं शिकवलीस आणि त्यापायी आईचा मार दोघांनी खाल्ला, तेव्हा माझ्या अक्षराचा निम्मा दोष तुझा.

गवंडीबाबा गेल्याची बातमी तुझ्या बंदरापर्यंत पोचली असणारच. अशा बातमीला पाय फुटतात आणि वाटेत शिंगं-शेपूटही फुटतात. कुणी तुला सांगितलं असेल की आभाळातून आवाज आला, कुणी म्हणालं असेल की तलवार बोथट झाली. तसलं काही झालं नाही. झालं ते त्याहून साधं होतं, आणि मला विचारशील तर त्याहून मोठं. थोडं मी पाहिलं, थोडं वहिनीने, थोडं ह्यांनी. तुझ्या कानावर ते आमच्या तोंडून पडावं, बाजारातून नको.

तिसऱ्या कढईखालचं चुलाण आप्पांच्या वेळेपासून तडकलेलं होतं, तुला आठवत असेल. त्याचा धूर डोळ्यांत जाऊन जाऊन आपण दोघं लहानपणी कायम रडून आल्यासारखे दिसायचो. वसंतात गवंडीबाबांनी एकदाचं मनावर घेतलं. आपल्या ख्रिस्ती मंडळीचे अध्यक्ष झाले तरी त्यांच्या हातची थापी काही सुटली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला ते चुलाणाला हात लावू देत नव्हते. ते गुडघे चोळत, कण्हत, स्वतःशी गुणगुणत विटा बसवत होते आणि मी त्यांना पाणी देत होते, तेवढ्यात शिपाई आले. सम्राटाचा नवा आदेश निघाला होता, की यावेळी सगळ्यांना नाही, मंडळ्यांच्या प्रमुखांनाच धरायचं. शिपायांनी विचारलं, इथला प्रमुख कोण. बाबा मान वर न करता म्हणाले, "मीच. पण एवढी ओळ पुरी करू द्या. गारा सुकला तर या पोरीचं चुलाण पुन्हा धूर ओकायला लागेल." शिपायांमधला एक जण पुढे आला, वाकून ओळ बघितली आणि बाकीच्यांना म्हणाला, थांबू या. त्याचा बाप किंवा आजा गवंडी असला पाहिजे. ते खरंच थांबले. बाबांनी ओळ पुरी केली, हात धुतले, माझ्या पदराला पुसले आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. मी रडायचंसुद्धा विसरले. चुलाण मात्र आता असं ओढतं, की धुराचं नाव नाही.

तुझ्यात आणि आमच्यात जे झालं ते उगाळत बसायला मी हे लिहीत नाही, पण ते वगळून पुढचं सांगताही येत नाही. दोन वर्षांमागे तो पहिला आदेश आला, प्रत्येकाने चौकात येऊन सम्राटाच्या पुतळ्यापुढे चिमूटभर धूप टाकायचा, तेव्हा माझे दिवस भरत आले होते. शिपाई ह्यांना न्यायला आले. माझ्या पोटाकडे बोट दाखवून त्यांचा अधिकारी काहीतरी बोलला. ह्यांनी चौकात जाऊन चिमूट टाकली. तू टाकली नाहीस. तुझी पाठ सोलून निघाली, वहिनी किती तरी दिवस तेल लावत होती, पण तू टाकली नाहीस. तुझ्या त्या पाठीचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. हे घरी आले ते थंड कढईपाशी बसून राहिले. लेक झाली तरी तिला उचलून घेईनात. म्हणायचे, या हाताने नको. गवंडीबाबांनी ह्यांना सांगितलं, वर्षभर उपासनेच्या वेळी फाटकाबाहेर उभा राहा. हे उभे राहिले, उन्हात, थंडीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलत. वर्ष सरल्यावर बाबांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून आत घेतलं. तू तेव्हा शास्त्र वाचत होतास. तू वाचन अर्ध्यावर थांबवलंस, गुंडाळी मिटलीस, बाबांच्या हातात दिलीस आणि निघून गेलास. तुझ्यामागे निम्मी मंडळी गेली. ज्यांनी फटके खाल्ले आणि ज्यांनी प्रभूला नाकारलं ते एका भाकरीला कसे बसणार, असं तुझं म्हणणं. बाबांचं म्हणणं एवढंच, की दार प्रभूचं आहे, मी नुसती चौकट बसवणारा.

तेव्हापासून आपण दोन झालो. तुम्ही सुताच्या व्यापाऱ्याच्या माडीवर जमायला लागलात म्हणून माडीवरचे, आम्ही कारखान्याच्या अंगणात उरलो म्हणून अंगणातले. समोरून वहिनी येताना दिसली की मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरायची आणि उगाच काहीतरी विकत घ्यायची. त्या दुकानात सुयाच मिळतात. आमच्या घरी सुयांचा एवढा साठा झालाय की ठकीच्या नातवंडांनाही पुरेल. हिवाळ्याआधी तू बंदरावर निघून गेलास, तिथल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना तुमच्या बाजूचे करून घ्यायला, तेव्हा मी गच्चीवर उभी राहून तुला जाताना बघितलं. तू वर बघितलं नाहीस. असो.

बाबांना ठेवलं होतं ते धान्याच्या कोठारामागे, जिथे पूर्वी रिकामी पोती टाकत त्या खोलीत. खिडकी नाही, दारात एक पायरी, आणि पायरीवर पहारेकरी. त्याला सारखा खोकला, म्हणून आम्ही त्याचं नाव खोकल्या ठेवलं. कैद्याचं जेवण घरच्यांनी आणायचं, पण दुपारी दार एकदाच उघडायचं आणि भांडं एकच आत जायचं, असा त्याचा नियम. पहिल्या दुपारी मी मसुराचं कढण घेऊन गेले, तर पायरीपाशी वहिनी उभी, हातात पेजेचं भांडं. मला आधी रागच आला. जे बाबांना अध्यक्ष मानत नाहीत त्यांनी जेवण कशाला आणायचं. मग आठवलं, की वहिनीला बाप्तिस्मा त्यांनीच दिला होता आणि तुमच्या घराचा जिना त्यांनीच बांधला होता, तिला घरी बसवेल का. पण आठवलं म्हणून मी मागे सरले असं नाही. खोकल्या म्हणाला, कुणाचं भांडं ते ठरवा. वहिनी म्हणाली, माझी पेज गरम आहे. मी म्हणाले, ते माझ्या अंगणातून धरले गेलेत. ती म्हणाली, अंगणातून धरले गेले म्हणून काय अंगणाचे झाले का. आवाज चढत गेले. तेवढ्यात आतून बाबा म्हणाले, "मला भूक नाही. दोघी आपापलं घरी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्यानंतरही. मी लवकर निघायची, वहिनी त्याहून लवकर. आतून एकच उत्तर, भूक नाही. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात, जसं काही जेवूनच बसलेत. शेवटी खोकल्याच घाबरला. सुनावणीआधी कैदी मेला तर त्याची गर्दन अडकणार. तो पायरीवरून उठला आणि आम्हां दोघींना म्हणाला, "बायांनो, म्हातारा मरायला टेकलाय आणि तुम्ही भांड्यावरून भांडताय." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो वाकून वाकून खोकत राहिला, म्हणून आम्हांला काही बोलावं लागलं नाही. आम्ही दोघी कोठाराच्या सावलीत बसलो. मग वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्याकडे सातू आहेत का गं? माझ्याकडचे संपलेत." मी म्हणाले, आहेत. घेऊन तुझ्याकडेच येते.

मी सातू घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला, तर फळीवर सातूचा डबा गळ्यापर्यंत भरलेला. मी डब्याकडे बघितलं, वहिनीने डब्याकडे बघितलं, आणि दोघींनाही हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली आणि मग मीही. ठकी दारात उभी राहून आमच्याकडे अशी बघत होती जसं काही आम्हांला वेड लागलंय. त्या गडबडीत पेजेत मीठ तिनेही घातलं आणि मीही घातलं. हे कळलं तेव्हा पेज बाबांच्या हातात होती. त्यांनी आधी विचारलं, कुणी रांधली. वहिनी म्हणाली, दोघींनी. मग त्यांनी वाडगं तोंडाला लावलं, एक थेंब मागे न ठेवता संपवलं, आणि घागरभर पाणी प्यायले. दाराच्या फटीतून आमच्याकडे बघून म्हणाले, "आज दोघींचं मीठ खाल्लंय. आता दोघींशी इमान राखायला पाहिजे." खोकल्यासुद्धा हसला.

त्यानंतर रोज आम्ही एकत्रच रांधायचो, एक दिवस तुमच्याकडे, एक दिवस आमच्याकडे. मिठाचा अधिकार वहिनीकडे गेला. रांधताना बायका बोलतात, दादा, तुला माहीत आहे. एकदा कांदा चिरता चिरता वहिनीने मला सांगितलं, की तू बुधवारी जेवत नाहीस, चिमूट टाकल्याच्या दिवसापासून, आणि तो उपास तू ह्यांच्यासाठी धरतोस. ती म्हणाली, तुझ्या नवऱ्याशी ते एका भाकरीला बसत नाहीत, पण त्याच्या नावाने उपाशी बसतात. मला हे ठाऊकच नव्हतं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठून कढईत काठी घालून ढवळत बसले, आणि त्या कढईत तेव्हा रंगही नव्हता, नुसतं पाणी होतं.

आम्हां बायकांचं जुळल्यावर पुरुषांनाही तोंड फिरवून चालणं जड जायला लागलं. खोलीत रात्री गारवा असायचा, तर व्यापाऱ्याने घोंगडी पाठवली. ती जुनी होती, अंगणातल्यांपैकी एकाने तिला ठिगळं लावली. घोंगडी आत गेली तेव्हा बाबांनी दोघांचीही विचारपूस केली आणि ती अशी, जणू एकाच घरातली दोन मुलं. माडीवरचे-अंगणातले हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. उपदेशही केला नाही. खोकल्याला मात्र वाफ घ्यायला सांगितली, आणि त्याचा खोकला बराच कमी झाला. नाव तेच राहिलं.

हे त्या दिवसांत कोठाराकडे फिरकले नव्हते. तिथे चौकातले शिपाई येत-जात असत आणि ह्यांना त्यांच्या नजरेची भीती. ह्यांनी मला तसं सरळ सांगितलं, लपवलं नाही. बाबांच्या कानावर मी घातलं. ते म्हणाले, त्याला म्हणावं, बाहेर कसं उभं राहावं ते मी त्याच्याकडून शिकतोय. मी घरी येऊन निरोप दिला. सुनावणीच्या दिवशी ह्यांनी कारखाना बंद केला, अंगावर स्वच्छ कपडे घातले आणि माझ्याबरोबर चौकात आले.

सुनावणी उघड्यावर होती. दोन्हीकडचे सगळे आले होते, गर्दीत पांगून. न्यायाधीश पोक्त माणूस, चेहऱ्यावर कंटाळा. खांद्यावरच्या वस्त्राचा काठ आपल्याच कारखान्यातला, मी लांबून ओळखला. तो बाबांना मारायला टपला होता असं मला वाटलं नाही. उलट त्याने त्यांना वाट काढून दिली, आणि म्हणूनच ते सगळं जास्त अवघड होतं. तो म्हणाला, "तुमच्यात दोन तट पडलेत हे मला माहीत आहे. जे कुठल्याशा माडीवर जमतात ते तुला मानत नाहीत. मग बंडखोर ते, तू कशाला मरतोस? एवढंच सांग की ते तुझे नाहीत, आणि ती माडी कुणाची. मग घरी जा आणि विटा रच."

वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. ठकी घरी होती, देवाची कृपा. आमच्यापासून थोड्या अंतरावर सुताचा व्यापारी उभा होता आणि त्याचा चेहरा धुऊन पिळलेल्या कापडासारखा झाला होता. दादा, विचार कर. वर्षभर ज्यांनी बाबांच्या हातची भाकर घेतली नाही, ज्यांनी त्यांच्या पाठीमागे त्यांना मऊ, भित्रा, काय काय म्हटलं, त्यांच्याविषयी बाबांनी एक वाक्य बोलायचं होतं. आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. माडीवरचे त्यांचे नाहीत, असं माडीवरचे स्वतःच म्हणत होते.

बाबा म्हणाले, "सरकार, माझी मंडळी एकच आहे. माझे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून मी अंगणात बसतो. बाकी काही नाही."

आधी कोणीतरी मागे हसलं, मग हसू पसरत गेलं, आणि न्यायाधीशालाही ते लपवता आलं नाही. मग तो गंभीर झाला. त्याने पुन्हा विचारलं, माडी कुठली. बाबांनी मान हलवून नकार दिला. धूप आणला गेला. तेव्हाही नकार, तितकाच हळू, जसा पाहुणा आणखी वाढायला नको म्हणतो. मग शिक्षा सुनावली गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताठ उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण भीती दिसत नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ह्यांचा तो जुना चेहरा दिसला.

दुसऱ्या सकाळी त्यांना गावाबाहेर चुन्याच्या भट्टीपाशी नेलं. तिथे काय झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. बाबांना प्रार्थनेला वेळ दिला. त्यांनी सगळ्यांची नावं घेतली, एकेक, घाई न करता, आणि ती मिसळलेली होती, अंगणातलं एक, माडीवरचं दोन, पुन्हा अंगणातलं. शिपाई चुळबुळायला लागले तरी त्यांचं चाललंच होतं. शेवटी म्हणाले, "आणि बंदरावर गेलेला माझा वाचक. त्याचा आवाज राख." वहिनीने ऐकलं, मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. पुढचं मी बघितलं नाही. मी वहिनीच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

प्रेत मागायला कुणीतरी अधिकाऱ्यापुढे जाऊन आपण कोण ते सांगावं लागतं. मंडळीतला आहे म्हणायचं आणि जे होईल ते सोसायचं. लोक एकमेकांकडे बघत होते, तोवर हे पुढे निघालेसुद्धा. अधिकारी तोच होता, दोन वर्षांपूर्वी ह्यांना चौकात नेणारा. त्याने ह्यांना ओळखलं, ते मला लांबूनच कळलं. त्याने विचारलं, "तू याचा कोण?" हे म्हणाले, "मी ख्रिस्ती आहे. आणि हे माझे बाबा आहेत." मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. अधिकारी ह्यांच्याकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "ऊन चढायच्या आत उचला," आणि पाठ वळवून निघून गेला. बस, एवढंच. हे तिथेच उभे. ह्यांना कळेचना की आता काय करायचं. मरायच्या तयारीने गेलेला माणूस, त्याला म्हणाले, घरी जा. नंतर घरी हे त्यावर हसायचे आणि हसता हसता मधेच गप्प व्हायचे. त्या संध्याकाळी ह्यांनी आमच्या लेकीला उचलून खांद्यावर घेतलं आणि झोप लागेपर्यंत खाली ठेवलं नाही. तिला केवढं नवल वाटलं.

बाबांना उचलायला कोण कोण पुढे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. व्यापाऱ्याचा खांदा ह्यांच्या खांद्याशेजारी होता, आणि त्याची उंची कमी म्हणून हे सगळी वाट गुडघे वाकवून चालले. त्या दिवशी सगळी मंडळी अंगणातच आली. भाकर मोडली तेव्हा आधी कुणी घ्यायची यावरून जरा खोळंबा झाला, कारण जो तो दुसऱ्याला पुढे करत होता. अखेर ठकीच पुढे गेली. तेव्हापासून जमतो ते एकत्र, कधी अंगणात, ऊन फार असलं तर माडीवर. वहिनी सध्या आमच्याकडेच राहते. तुझ्या घराला कुलूप आहे, पण उंदीर-घुशी लागू नयेत म्हणून मी मधूनमधून जाऊन झाडून येते. तुझी बाज उन्हात टाकून आत ठेवली आहे.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. मागच्या रविवारी आम्ही नवा अध्यक्ष निवडायला जमलो. दोन-तीन नावं निघाली, ती इकडची किंवा तिकडची होती, म्हणून कुणी जोर करेना. तेव्हा हे उठले आणि ह्यांनी तुझं नाव घेतलं. अंगणातल्या काहींना ते पटलं नाही. हे म्हणाले, बाबांनी शेवटचं नाव ज्याचं घेतलं तो, आणि माझ्यासाठी जो बुधवारी उपाशी राहतो तो. मग एकेकाने हात वर केला, आणि शेजारच्या गावांतले अध्यक्ष तुझ्यावर हात ठेवून तुला अध्यक्ष नेमायला येणार आहेत. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. ह्यांना सोबत घेऊन तुला ती मंडळी चालवावी लागेल, आणि ह्यांच्यासारखे आणखी आहेत. नाही म्हणायचं असेल तर म्हण, मी रागावणार नाही. पण मंडळीचा निरोप घेऊन जे येताहेत ते तिघं या पत्रामागून एक-दोन दिवसांत तुझ्या दारात उभे राहतील, आणि त्यांतले एक हे आहेत. निरोप्या म्हणून मला पाठवा, असं ह्यांनी स्वतः मागून घेतलं. वाट लांबची आहे आणि ह्यांचे तळवे लवकर फोडांनी भरतात. तू काय उत्तर देतोस ते नंतर बघू. आधी ह्यांना आत घे, पाय धुवायला पाणी दे, आणि शेजारी बसवून जेवू घाल. बुधवार असला तरी.

तुझीच,
धाकटी